डाळिंबाच्या रसातलं प्रोलिन: कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिससाठी डेरिव्हटायझेशन कसं करायचं

सांगोल्याकडचे एक बागायतदार एकदा आमच्या प्रयोगशाळेत रसाची बाटली घेऊन आले. लेबलवर ‘शंभर टक्के डाळिंब’. स्वतःची ‘भगवा’ वाणाच्या डाळिंबाची बाग असल्यामुळे त्यांना चव पटेना. “मॅडम, यात द्राक्ष घातलंय का तेवढं बघा की.”

प्रश्न साधा होता आणि त्याला रसायनशास्त्राचं उत्तरही होतं. द्राक्षाच्या रसात प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, डाळिंबात फारच थोडं. म्हणजे प्रोलिन मोजलं की संशयाला आकडा मिळतो. आमच्याकडे कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचं (यापुढे नुसतं सीई) यंत्र होतं, म्हणजे केसासारख्या बारीक काचनळीत, कॅपिलरीत, विजेच्या जोरावर रेणू वेगवेगळे करणारं, यूव्ही डिटेक्टरसह. अडचण एवढीच की प्रोलिन यूव्हीला जवळजवळ दिसतच नाही. त्याला दिसेल असं करणं, म्हणजे त्याच्यावर प्रकाश शोषणारा एक गट (आमच्या भाषेत लेबल) रासायनिक बंधाने चिकटवणं, यालाच डेरिव्हटायझेशन म्हणतात. हे काम मी ज्या क्रमाने करते, तो क्रम इथे चुकांसकट लिहिते. उदाहरण प्रोलिनचं असलं तरी इतर अमाइनांनाही (नायट्रोजनचा अमिनो गट असलेल्या रेणूंनाही) बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी ठरवा: करायचंच कशाला?

डेरिव्हटायझेशन हे जास्तीचं काम आहे, आणि प्रत्येक जास्तीच्या पायरीत चूक शिरायला जागा असते. म्हणून आधी ते टाळता येतं का, हे बघायचं.

सोलापुरात हा प्रश्न टेक्स्टाइलवाल्यांकडून हमखास येतो. चादरी-टॉवेल युरोपला पाठवायचे तर रंगातून सुटणारे घातक अॅरोमॅटिक अमाइन तपासावे लागतात. तिथली मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. कापडाचा तुकडा सोडियम डायथायोनाइटने ७० अंशांवर क्षपण करून अमाइन मोकळे करतात. या रेणूंमध्ये बेंझिनचं कडं असतंच, त्यामुळे ते यूव्हीत आपोआप दिसतात. आम्लधर्मी बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) त्यांच्यावर धनभारही येतो. त्यांना लेबल लावत बसणं म्हणजे उजेडात कंदील धरणं.

सेंद्रिय आम्लं, सोडियम-पोटॅशियमसारखे आयन यांच्यासाठीही अप्रत्यक्ष यूव्ही (बफरच प्रकाश शोषतो आणि रेणूच्या जागी खळगा दिसतो) किंवा कंडक्टिव्हिटी डिटेक्टर पुरतो. प्रोलिनची गोष्ट वेगळी. २०० नॅनोमीटरवर ते थोडंफार शोषण करतं खरं, पण त्या तरंगलांबीवर रसातलं झाडून सगळंच दिसतं.

शिवाय सीईमध्ये प्रकाशाला चालायला वाटच नसते. एचपीएलसीच्या (दाबाने द्रव ढकलून रेणू वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) सेलमध्ये प्रकाश १ सेंटिमीटर द्रावणातून जातो, ५० मायक्रॉनच्या कॅपिलरीत फक्त ५० मायक्रॉनमधून. दोनशेपट कमी. म्हणून या तंत्रात लेबलची गरज पहिल्यापासून आहे. १९८१ साली जॉर्गनसन आणि लुकाक्स यांनी बारीक काचनळीत हे तंत्र दाखवलं, तेव्हा त्यांनी वापरलेली अमिनो आम्लंही फ्लुओरेसंट लेबल लावलेलीच होती.

अभिकर्मक (लेबल लावणारं रसायन) निवडताना

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. तीन गोष्टी बघायच्या: तुमच्या रेणूचा कोणता गट अभिक्रिया करणार, तुमच्याकडे डिटेक्टर कोणता आहे, आणि लेबल लागल्यावर रेणूचा भार किती होणार.

ओपीए, म्हणजे ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, सगळ्यांच्या आवडीचं. थायॉलच्या (गंधकाचा गट असलेल्या रसायनाच्या) सोबतीने एक-दोन मिनिटांत अभिक्रिया पूर्ण, आणि ते स्वतः चमकत नसल्यामुळे उरलेलं काढायची कटकट नाही. पण ते फक्त प्राथमिक अमाइनशी (ज्याच्या नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेला असतो) जुळतं. प्रोलिनचा नायट्रोजन कड्यात, दोन कार्बनांमध्ये अडकलेला, म्हणजे द्वितीयक. ओपीए वापरलं असतं तर ‘प्रोलिन शून्य’ असा सुंदर आणि साफ खोटा अहवाल निघाला असता! शिवाय ओपीएची उत्पादितं टिकत नाहीत. मिनिटामिनिटाला सिग्नल घसरतो.

एफआयटीसी हे ४८८ नॅनोमीटरच्या लेझर डिटेक्टरसाठी उत्तम, पण अभिक्रिया संथ. लोक रात्रभर अंधारात ठेवतात. एनबीडी-एफ द्वितीयक अमाइनांनाही लागतं आणि ६० अंशांवर काही मिनिटांत काम उरकतं, पण त्याचाही खरा फायदा लेझर असेल तरच. डॅन्सिल क्लोराइड जुनं आणि भरवशाचं, मात्र गरम करावं लागतं आणि आलेखात जास्तीच्या शिखरांचा (प्रत्येक पदार्थासाठी उठणाऱ्या उंचवट्यांचा) पसारा होतो.

आमच्याकडे लेझर नाही. म्हणून एफएमओसी क्लोराइड. प्राथमिक, द्वितीयक दोन्ही अमाइनांशी खोलीच्या तापमानाला काही मिनिटांत जुळतं, २६५ नॅनोमीटरला छान शोषतं आणि उत्पादितं काही दिवस टिकतात. दुर्गुण दोन: पाण्याशीही अभिक्रिया करून एफएमओसी-अल्कोहोल बनवतं, आणि उरलेलं अभिकर्मक स्वतःच मोठं शिखर देतं.

आता भार. लेबल लागलं की अमाइनचा धनभार जातो आणि पीएच ९ ला कार्बोक्सिलचा ऋणभार उरतो. म्हणजे बहुतेक सगळी अमिनो आम्लं आता ‘एक ऋणभार आणि मागे भलंमोठं लेबल’ अशी एकसारखी. नुसत्या विद्युतक्षेत्रात ती एकमेकांना चिकटून धावतात. त्यांना वेगळं करायला बफरमध्ये एसडीएस हे साबणासारखं रसायन घालून त्याच्या रेणूंचे बारीक गोळे, म्हणजे मायसेल, तयार करतात. ही युक्ती तेराबे यांनी १९८४ मध्ये मांडली. जो रेणू जास्त पाणीद्वेष्टा, तो मायसेलमध्ये जास्त वेळ रेंगाळतो आणि उशिरा येतो.

लायसिनला अमाइन दोन, म्हणून लेबलंही दोन लागतात. अभिक्रिया अर्धवट राहिली तर एकाच लायसिनची वेगवेगळी शिखरं येतात आणि नवशिका त्यांना वेगवेगळी अमिनो आम्लं समजतो.

ब्लँक आधी, नमुना नंतर

पहिल्या दिवशी नमुन्याला हात लावायचा नाही. फक्त पाणी घेऊन सगळ्या पायऱ्या करायच्या आणि जे दिसेल ते वहीत चिकटवायचं.

माझ्या पहिल्या ब्लँकमध्ये सेरीन आणि ग्लायसिनच्या जागी ठसठशीत शिखरं आली. पाणी बदललं, बफर बदलला, अॅसिटोनायट्राइलची नवी बाटली फोडली. शिखरं तिथेच. शेवटी लक्षात आलं की व्हायलची टोपणं मी उघड्या हाताने लावत होते. घामात अमिनो आम्लं असतात, त्यात सेरीन सगळ्यात ठळक. पोलीस बोटांचे ठसे निनहायड्रिनने उठवतात ते याच जोरावर. दुपारी डब्यात भाकरी आणि शेंगा चटणी खाऊन आलेल्या बोटांबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हापासून नायट्राइल हातमोजे, आणि टोपणं चिमट्याने.

ट्रिस आणि ग्लायसिनचे बफर स्वतःच अमाइन आहेत, ते सगळं अभिकर्मक खाऊन टाकतात. म्हणून या टेबलाच्या आसपासही नकोत. अमोनियाची बाटली उघडी असलेल्या खोलीत हे काम करायचं नाही.

द्रावणं

अभिक्रियेचा बफर: बोरिक आम्ल २.४७ ग्रॅम ८० मिलिलिटर पाण्यात, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ९.५, मग १०० मिलिलिटरपर्यंत. हा ०.४ मोलर झाला. इतका तीव्र का, ते पुढे येईल.

एफएमओसी: १३ मिलिग्रॅम १० मिलिलिटर कोरड्या अॅसिटोनायट्राइलमध्ये, म्हणजे सुमारे ५ मिलिमोलर. फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. जुलैतल्या दमट दिवशी थंड बाटली उघडली की आत दव धरतं आणि महागडी पावडर हळूहळू अल्कोहोल होऊन बसते. ही पावडर त्वचेला आणि डोळ्यांना भाजते, तेव्हा वजन फ्यूम हूडजवळच करा.

रनिंग बफर (कॅपिलरीत भरायचा): बोरॅक्स ०.७६ ग्रॅम आणि एसडीएस १.१५ ग्रॅम, १०० मिलिलिटरमध्ये. म्हणजे २० मिलिमोलर बोरॅक्स आणि ४० मिलिमोलर एसडीएस, पीएच आपोआप ९.२ च्या आसपास. पोटॅशियमचं कुठलंही मीठ यात येता कामा नये, कारण पोटॅशियम डोडेसिल सल्फेट साका होऊन खाली बसतं. एसी फार थंड ठेवला तरी एसडीएसचे स्फटिक धरतात. आमच्याकडे हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यातच हे होतं, कारण मे महिन्यात कुणीतरी रिमोट १८ वर नेऊन ठेवतं.

इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी नमुन्यात ठरलेल्या मात्रेने घातलेला पदार्थ) म्हणून बरेच जण नॉरल्युसिन घेतात. मी सार्कोसिन घेते. तेही द्वितीयक अमाइन, त्यामुळे अभिक्रियेत प्रोलिनच्या जास्त जवळ वागतं. मात्र सार्कोसिन न घालता एकदा रस चालवून त्या जागी काही येत नाही ना, हे बघून घ्यायचं. २ मिलिमोलर द्रावण पुरतं.

रसाची तयारी

रस सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ भाग घ्या. त्यातल्या १ मिलिलिटरमध्ये १०० मायक्रोलिटर सार्कोसिन घाला. इंटर्नल स्टँडर्ड इथेच घालायचं, शेवटी नाही, म्हणजे पुढची प्रत्येक सांडलवंड दोघांवर सारखी पडते.

डाळिंबाचा लाल रंग, म्हणजे अँथोसायनिन, आणि टॅनिन हे दोन्ही यूव्हीत जोरदार दिसतात. त्यांना अडवायला सी-१८ कार्ट्रिज (पाणीद्वेष्टे रेणू धरून ठेवणारी छोटी भरलेली नळी): आधी २ मिलिलिटर मिथेनॉल, मग २ मिलिलिटर पाणी, मग रस. रस मुळात आंबट असल्यामुळे वेगळं आम्ल लागत नाही. रंग वरच अडकतो, प्रोलिन खाली फ्लास्कमध्ये निघून येतं. दीड मिलिलिटर पाण्याने धुवा, ते पाणीही त्याच फ्लास्कमध्ये. मग सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घालून पीएच ८ ते ९ करा आणि ५ मिलिलिटरपर्यंत भरा.

अभिक्रिया

दीड मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये २०० मायक्रोलिटर नमुना आणि २०० मायक्रोलिटर बोरेट बफर. हलवा. इथे थांबा आणि एक थेंब पीएच पट्टीवर टाका. नऊच्या खाली असेल तर सोडियम हायड्रॉक्साइडने नीट करा. मगच ४०० मायक्रोलिटर एफएमओसी एका दमात घालून लगेच व्होर्टेक्स. घड्याळ लावा, ५ मिनिटं.

एफएमओसी एकूण अमाइनच्या किमान पाचपट हवं. कमी पडलं तर चपळ अमिनो आम्लं आधी लेबल पटकावतात आणि संथ उपाशी राहतात. खात्री करायची असेल तर अभिकर्मक दुप्पट करून बघा. प्रोलिनचं शिखर वाढलं नाही, तर आधीचं प्रमाण पुरेसं होतं.

वेळ संपली की उरलेलं एफएमओसी काढायचं. पुस्तकी कृतींमध्ये पेंटेनने धुवायला सांगतात. ती कृती थंड देशात लिहिलेली असावी, असं मला नेहमी वाटतं. पेंटेन ३६ अंशांना उकळतं, आणि आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशीच्या वर असतो. लाइट गेली, एसी बंद पडला, की ट्यूबचं टोपण फट्‌कन उडतं. मी हेक्झेन वापरते, ते ६९ अंशांना उकळतं. ८०० मायक्रोलिटर घाला, अर्धा मिनिट हलवा, वरचा थर काढून टाका, पुन्हा एकदा. वरच्या थरात एफएमओसी आणि एफएमओसी-अल्कोहोलचा काही भाग निघून जातो, लेबल लागलेली अमिनो आम्लं ऋणभारामुळे खाली राहतात. खालचा थर यंत्राला देण्याआधी तेवढ्याच पाण्याने पातळ करा. नमुन्यात अॅसिटोनायट्राइल जास्त असेल तर त्या जागचे मायसेल मोडतात आणि शिखरं पसरतात.

यंत्राकडे जाण्याआधी वहीवरचा हिशेब

हा हिशेब न करता यंत्रापाशी बसलं की दिवस जातो. समजा रसात लिटरला २५ मिलिग्रॅम प्रोलिन आहे. रेणुभार ११५, म्हणजे सुमारे २१७ मायक्रोमोलर. फ्लास्कमध्ये पाचपट पातळ, ४३. अभिक्रियेत चौपट, सुमारे ११. एफएमओसीचं मोलर शोषण २६५ नॅनोमीटरला अठरा हजारांच्या घरात धरा, वाट ०.००५ सेंटिमीटर. गुणाकार केला की शोषण येतं सुमारे ०.००१, म्हणजे १ मिलिअॅब्सॉर्बन्स. शेवटी निम्मं पातळ केलं की अर्धा. डिटेक्टरचा गोंगाट ०.०५ मिलिअॅब्सॉर्बन्सच्या आसपास असेल तर हे शिखर दिसेल आणि मोजताही येईल. पण सवयीने रस वीसपट पातळ केला असता तर ते गोंगाटाच्या जेमतेम वर राहिलं असतं.

रन

कॅपिलरी ५० मायक्रॉन, एकूण लांबी ६० सेंटिमीटर. या आख्ख्या नळीत सव्वा मायक्रोलिटरही द्रव मावत नाही. ५० मिलिबार दाबाने ५ सेकंद नमुना घेतला तर आत जातात जेमतेम ७ नॅनोलिटर, नळीतली लांबी ४ मिलिमीटरपेक्षा कमी.

नवी कॅपिलरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अर्धा तास धुवायची. रोजच्या दोन रनमध्ये ०.१ मोलर हायड्रॉक्साइड २ मिनिटं, पाणी १ मिनिट, रनिंग बफर ३ मिनिटं. तापमान २५ अंश, २० किलोव्होल्ट, २६५ नॅनोमीटर. पहिल्यांदा ५, १०, १५, २०, २५ किलोव्होल्टला करंट टिपून आलेख काढा. रेषा जिथे वर वाकते, तिथपासून कॅपिलरी तापायला लागलेली असते. त्याच्या खाली राहा. दर पाच-सहा रननंतर दोन्ही टोकांचे बफर व्हायल बदला. विद्युत-अपघटनाने त्यांचा पीएच सरकतो आणि शिखरांच्या वेळा हलतात.

शिखर मोजताना

आम्ही बोलताना ‘पीक’च म्हणतो. सांगोल्याचे ते बागायतदार बाहेर बाकावर बसले होते. आतून कुणीतरी ओरडलं, “मॅडम, पीक छोटं आलंय!” ते दचकून उठले.

प्रोलिनचं शिखर कोणतं, ते वेळेवरून ठरवू नका. नमुन्यात थोडं शुद्ध प्रोलिन घालून पुन्हा चालवा. जे वाढेल ते प्रोलिन. शिखराच्या क्षेत्रफळाला त्याच्या वेळेने भागा, कारण सीईमध्ये हळू जाणारा पट्टा डिटेक्टरच्या खिडकीसमोर जास्त वेळ थांबतो आणि उगाच मोठा दिसतो. मग सार्कोसिनशी गुणोत्तर.

आता बोरेटची गोष्ट. सुरुवातीला मी ०.२ मोलर बफर वापरत होते आणि पाण्यात बनवलेल्या स्टँडर्डवरून थेट रसाचा आकडा काढत होते. शंका आली म्हणून रसातच प्रोलिन वाढवत नेऊन आलेख काढला, तर रसातला उतार पाण्यातल्यापेक्षा बराच कमी निघाला. नमुना तर मी नीट उदासीन केला होता! पीएच पट्टी लावल्यावर कळलं: बफर मिसळल्यावर पीएच पुन्हा खाली गेला होता. कारण बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये शिकलेलं. बोरिक आम्लाचं टायट्रेशन करताना मॅनिटॉल घालतात, कारण ते बोरेटला धरतं आणि आम्लता वाढवतं. रसातलं फ्रुक्टोज अगदी तेच करत होतं. म्हणून ०.४ मोलर, म्हणून पीएच ९.५, आणि म्हणून ती पट्टी मिसळल्यानंतर.

तरीही खाद्यपदार्थांत मी आता पाण्यातल्या रेषेवर विसंबत नाही. प्रत्येक नमुन्याच्या चार ट्यूब: एक जशीच्या तशी, बाकीच्या तिघींत वाढत्या मात्रेने प्रोलिन, तेही सी-१८ च्या आधी. रेषा मागे वाढवून अक्षाला जिथे छेदते तिथून मूळ प्रमाण. वेळ चौपट जातो.

बागायतदारांच्या बाटलीत प्रोलिन सांगोल्याच्या ताज्या भगव्याच्या रसापेक्षा कितीतरी जास्त निघालं. पण एकट्या प्रोलिनवर मी सही करत नाही. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, डाळिंबात ते नसल्यातच जमा. ते अप्रत्यक्ष यूव्हीने, कुठलंही लेबल न लावता बघितलं. तेही होतं. अहवालात दोन्ही आकडे लिहिले, ‘भेसळ’ हा शब्द लिहिला नाही. तो शब्द वापरण्याचा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या रीतसर नमुन्यानंतरचा आहे.

साखरांबद्दल थोडक्यात

जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, त्यामुळे हे विचारलं जातंच. साखरांना एपीटीएस हे लेबल लावतात. त्यात तीन सल्फोनेट गट, म्हणून भार आणि चमक दोन्ही एकदम मिळतात. पण ते फक्त क्षपणकारी साखरांना लागतं. सुक्रोज क्षपणकारी नाही, त्यामुळे उसाच्या रसातला मुख्य ऐवजच याला दिसत नाही. फ्रुक्टोजही कुरकुरत लागतं. सुक्रोजसाठी कारखान्यातला पोलॅरिमीटरच बरा. या अभिक्रियेत सोडियम सायनोबोरोहायड्राइड आम्लासोबत वापरतात आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. फ्यूम हूड चालू नसेल त्या दिवशी हे काम करायचंच नाही.

काही बिघडलं तर

सगळीच शिखरं लहान: एफएमओसी जुनं. फक्त प्रोलिन लहान आणि सार्कोसिन ठीक: प्रोलिन खरंच कमी आहे. दोन्ही लहान: पीएच पट्टी लावून बघा. करंट मध्येच शून्यावर: कॅपिलरीत बुडबुडा किंवा एसडीएसचा स्फटिक, दाबाने धुवा. पहिल्या रनला ठीक आणि दुपारनंतर वेळा सरकत चालल्या: व्हायलमधलं पाणी उडून बफर तीव्र झाला आहे. मार्च ते जूनमध्ये मी सकाळी भरलेले व्हायल जेवणाच्या सुट्टीत टाकून नवे भरते. हेक्झेन आणि अॅसिटोनायट्राइलचा कचरा बेसिनमध्ये नाही, हूडमधल्या टोपणाच्या बाटलीत.